सायॉन विझार्डला झाकोळतोय? डाइस कमी करण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी तीन-साडेतीन तासांचं टेबल चालतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाचे 2014चे (5व्या आवृत्तीचे) नियम, पाच खेळाडू, सगळे 5व्या लेव्हलला, आणि मोहीम शिलाहारांच्या काळातल्या श्रीस्थानकावर बेतलेली. डीएमनी (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरनी) स्वतः सायॉनचा, म्हणजे मनाच्या शक्ती वापरणाऱ्या पात्राचा, क्लास बांधलाय: शक्तींवर खर्चायला दिवसाला 27 पॉइंट्स, टेलिपथी कायम आणि फुकट, शक्ती वापरताना ना मंत्र ना हातवारे, आणि ‘ही जादू नाही’ म्हणून जादू मोडणारे डिस्पेल मॅजिक किंवा काउंटरस्पेल हे स्पेल तिला लागू नाहीत. ‘मनोघात’ नावाची शक्ती 5 पॉइंट्समध्ये 20 फूट त्रिज्येत 8डी6 (आठ सहा-बाजूंचे फासे) सायकिक, म्हणजे मनावरचं, डॅमेज करते. विझार्डवाला, म्हणजे वहीतून शिकून जादू करणारं पात्र खेळणारा, म्हणतोय की माझी गरजच उरलेली नाही. डीएमचा प्रश्न: 8डी6चे 6डी6 करू का?

करा, पण तेवढ्याने भागणार नाही. सायॉन आणि विझार्ड यांच्यातला तोल डॅमेजच्या आकड्यावर फारसा ठरत नाही. दिवसभराची ताकद एकाच लढाईत किती ओतता येते आणि समोरच्याला ती दिसते का, अडवता येते का, या दोन गोष्टींवर तो ठरतो. तुमच्या क्लासमध्ये दोन्हीकडची दारं सताड उघडी आहेत.

आधी 27 हा आकडा बघू. डन्जन मास्टर्स गाइडमधल्या, स्लॉटऐवजी (स्लॉट म्हणजे त्या लेव्हलचा स्पेल एकदा टाकायची मुभा) पॉइंट्स वापरायच्या पर्यायी नियमातून तुम्ही तो घेतलाय, आणि तो चूक नाही. त्या नियमात पहिल्या लेव्हलच्या स्पेलला 2 पॉइंट, दुसरीच्याला 3, तिसरीच्याला 5. विझार्डकडे 5व्या लेव्हलला पहिलीचे 4, दुसरीचे 3 आणि तिसरीचे 2 स्लॉट असतात. 8 अधिक 9 अधिक 10, झाले 27. शिवाय आर्केन रिकव्हरीने त्याला दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टवर (तासाभराच्या विश्रांतीत) तिसरीचा एक स्लॉट परत मिळतो, म्हणजे त्याची बेरीज 32वर जाते. कागदावर विझार्डच पुढे आहे.

पण विझार्डला ते 32 पॉइंट्स हवे तसे मोडता येत नाहीत. त्याचे तिसरीचे स्पेल तीन, मग दुसरीचे तीन, मग पहिलीचे चार. सायॉन मात्र 27मधून पाच वेळा 5 पॉइंटची शक्ती वापरतो आणि वर 2 उरतात. आता हे तुमच्या रविवारवर बसवून बघा. तीन तासांत पाच जणांची एक लढाई पाऊण ते सव्वा तास खाते, म्हणजे सेशनला फार तर दोन लढाया होतात. प्रत्येकी तीन राउंड धरले तर एकूण सहा राउंड. त्यातल्या पाच राउंडमध्ये सायॉन पूर्ण ताकदीने मारतो, विझार्ड तीन राउंड पूर्ण ताकदीने आणि तीन राउंड दुय्यम स्पेलवर. हेच दिवसाला सहा लढाया असत्या तर? 18 राउंडमध्ये सायॉनचे पाच मोठे फटके झाले की तो जवळजवळ रिकामा, आणि विझार्डकडे दहा राउंडपुरते स्लॉट. नियम लिहिणाऱ्यांनी लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आधी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया गृहीत धरल्या आहेत. मुंबईच्या आसपासच्या रविवारच्या टेबलांवर ते कधीच होत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती नियमात नाही, सवयीत आहे. सेशन संपलं म्हणजे लाँग रेस्ट झाली, हे धरणं बंद करा. खारघर-ऐरोलीहून येणाऱ्यांची ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला की लवकर निघायची घाई असते. लढाई संपते, वह्या मिटतात, आणि पुढच्या वेळी सगळे ताजेतवाने बसतात. तसं न करता उठण्याआधी प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टर शीटचा फोटो ग्रुपवर टाकायचा: उरलेले एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे जीव), स्लॉट, पॉइंट्स दिसतील असा. पुढचं सेशन तिथूनच सुरू. मोहिमेतला एक दिवस दोन किंवा तीन रविवार चालू दे. एवढ्यानेच अर्ध्या टेबलांवरची कुरबुर थांबते.

दुसरी दुरुस्ती पॉइंट्सच्या हौदाची. 27 एकदम देऊ नका. 14 द्या, आणि दिवसातून एकदाच, शॉर्ट रेस्टवर, हौद पुन्हा 14पर्यंत भरू द्या. दिवसाची बेरीज 28, म्हणजे जवळपास तेवढीच. पण एका लढाईत आता त्याला 5, 5 आणि 3 एवढंच करता येतं: दोन मोठे फटके, एक मधला. ‘एकदाच’ हा शब्द गाळू नका. तो गाळलात तर दर लढाईनंतर तासभर बसायची मागणी येईल, आणि दोन शॉर्ट रेस्टमध्ये बेरीज 42वर जाईल. हौदासाठी टेबलावर कॅरमच्या 14 सोंगट्या ठेवा आणि खर्च झालेली सोंगटी डीएमकडे द्या. पेन्सिलीने खोडून लिहिलेल्या आकड्यात गडबड होते, शिवाय सोंगट्या कमी होताना सगळ्यांना दिसतात आणि विझार्डवाल्याला कळतं की समोरचाही आखडता हात घेऊनच खेळतोय.

तिसरी गोष्ट कमाल मर्यादेची, आणि ही जुन्या 3.5 आवृत्तीतून सायॉन उचलणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. 2004च्या एक्सपांडेड सायॉनिक्स हँडबुकमध्ये सायॉनला 5व्या लेव्हलला 25 पॉइंट्स मिळतात, आणि इंटेलिजन्स 18 असेल तर वर 10. तिथे बऱ्याच शक्ती अशा आहेत की 1 पॉइंटला 1डी6, आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला आणखी 1डी6. घाईत वाचणारा समजतो की 25 पॉइंट टाकून 25डी6 मारता येतात. त्याची सरासरी 87च्या पुढे जाते आणि त्या लेव्हलचा कुठलाही शत्रू जागीच संपतो. नियम तसा नाही. एका शक्तीवर आपल्या मॅनिफेस्टर लेव्हलपेक्षा (साधारण सायॉनच्या स्वतःच्या लेव्हलपेक्षा) जास्त पॉइंट टाकताच येत नाहीत. 5व्या लेव्हलला कमाल 5, म्हणजे 5डी6, आणि तिथल्या विझार्डचा फायरबॉलही त्या लेव्हलला 5डी6चाच असतो. उलट विझार्डचे छोटे स्पेल लेव्हलबरोबर फुकटात वाढतात, सायॉनला प्रत्येक वाढीव डाइसचे पैसे मोजावे लागतात. ‘3.5मधले सायॉनिक्स (मनाच्या शक्ती) खेळाचा तोल मोडतात’ ही तक्रार जिथे ऐकू येते तिथे बहुतेक वेळा ही एक ओळ वाचायची राहिलेली असते. तुमच्या क्लासमध्ये मर्यादा सोपी ठेवा: त्या लेव्हलच्या विझार्डला जी सगळ्यात वरची स्पेल लेव्हल मिळते, तिच्या किमतीपेक्षा जास्त पॉइंट एका वेळी नाहीत. 5व्या लेव्हलला 5, 7व्याला 6, 9व्याला 7.

आता मनोघात. तिसरीच्या लेव्हलला 20 फूट त्रिज्येत 8डी6, हा फायरबॉलचाच साचा तुम्ही उचललाय आणि आगीच्या जागी सायकिक, डेक्स्टेरिटीच्या (चपळाईच्या) जागी इंटेलिजन्सचा सेव्ह (परिणाम टाळायला समोरच्याने टाकायचा फासा) टाकलाय. दिसायला सारखा, पण किंमत सारखी नाही. आगीला रेझिस्टन्स (निम्मं डॅमेज) किंवा इम्युनिटी (शून्य डॅमेज) असलेले राक्षस ढिगाने आहेत. सायकिकला अडवणारे मोजके, त्यात मुख्यतः गोलेम आणि चालत्या चिलखतासारखे जीव नसलेले. सेव्हचंही तसंच. तुमच्या सायॉनचा डीसी (सेव्हमध्ये गाठायचा आकडा) 15 धरला तर ओगर या धिप्पाड राक्षसाला डेक्स्टेरिटीवर उणे 1 आहे, तो 75 टक्के वेळा फसतो. इंटेलिजन्सवर उणे 3, तिथे 85 टक्के. झॉम्बीचा इंटेलिजन्स 3 आहे, म्हणजे उणे 4. ज्या राक्षसांना आपण दणकट म्हणून आणतो तेच बहुतेक डोक्याने कमी असतात.

याची अधिकृत किंमत काय, हे बघायला एक उत्तम नमुना आहे: 2017च्या झॅनथार्स गाइडमधला सिनॅप्टिक स्टॅटिक. 20 फूट त्रिज्या, 8डी6 सायकिक, इंटेलिजन्सचा सेव्ह, म्हणजे हुबेहूब तुमचा मनोघात. पण तो 5व्या लेव्हलचा स्पेल आहे. फसलेल्याला मिनिटभर हल्ल्यांतून डी6 वजा करावा लागतो हे त्यात जादा आहे हे मान्य, तरीही दोन लेव्हलचं अंतर त्या एका जादा परिणामाने भरत नाही. शिवाय इंटेलिजन्स 2 किंवा कमी असलेल्याला तो लागतच नाही. तेव्हा 8डी6चे 6डी6 हा तुमचा अंदाज योग्य दिशेला आहे. त्याबरोबर त्रिज्या 20वरून 10 फुटांवर आणा आणि जनावरांना शक्ती लागू नाही असं लिहा. लांडग्यांचा कळप आला की विझार्डचा फायरबॉल लागतो, दरबारातले पहारेकरी आले की सायॉन. दोघांचं काम वेगळं झालं.

एक मोह मात्र टाळा: सायॉनला धडा शिकवायला मनाने हल्ला करणारा शत्रू आणणं. माइंड फ्लेयर या राक्षसाचा माइंड ब्लास्ट 60 फुटांच्या शंकूत, डीसी 15, इंटेलिजन्सचा सेव्ह, सरासरी 22 डॅमेज आणि मिनिटभर स्टन (काहीच करता येत नाही). इंटेलिजन्सच्या सेव्हमध्ये तरबेज असतात विझार्ड, रोग (Rogue, चोर-हेराचा क्लास), ड्रूइड आणि आर्टिफिसर हे क्लास. तुमचा सायॉन इंटेलिजन्सवर चालणारा, तो तरून जाईल. 10 इंटेलिजन्सचा फायटर मात्र 70 टक्के वेळा फसेल आणि उरलेली लढाई फोन बघत बसेल. शिक्षा भलत्यालाच.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच मोहिमा बसतात: शक्ती दिसते का, आणि अडवता येते का.

तुमच्याकडे मंत्र नाही, हातवारे नाहीत, वस्तू नाही. 5व्या आवृत्तीत काउंटरस्पेल टाकायला समोरचा स्पेल टाकतोय हे दिसावं लागतं, आणि ते दिसण्यासाठी या तिन्हींपैकी काहीतरी लागतं. म्हणजे ‘ही जादू नाही’ असं तुम्ही लिहिलं नसतंत तरी तुमचा सायॉन काउंटरस्पेलच्या बाहेरच राहिला असता. अधिकृत नियमांत ही सवलत आहे, पण महाग आहे. सॉर्सरर या जन्मजात जादू असलेल्या क्लासला सटल स्पेल या सोयीने मंत्र आणि हातवारे लपवायला दर वेळी 1 सॉर्सरी पॉइंट पडतो. 2020च्या टाशाज कॉल्ड्रनमधल्या अॅबरंट माइंड सॉर्सररला ही सोय 6व्या लेव्हलला मिळते, तीही ठरावीक यादीतल्या स्पेलपुरती, आणि स्पेलच्या लेव्हलइतके सॉर्सरी पॉइंट मोजून. त्याच्याकडे तेव्हा ते 6च असतात. तिसरीच्या लेव्हलचे दोन स्पेल टाकले की संपले.

3.5मध्ये सायॉनला मंत्र नसले तरी प्रत्येक शक्तीबरोबर काही ना काही प्रकट होतं: डोळे चमकतात, गुणगुण ऐकू येते, वास सुटतो. ते दाबायचं तर कॉन्सन्ट्रेशनचा चेक (एकाग्रतेचा फासा), डीसी 15 अधिक शक्तीची लेव्हल. हे उचला. तुमच्या सायॉनच्या प्रत्येक शक्तीला एक चिन्ह ठरवा आणि ते 60 फुटांत दिसतं किंवा ऐकू येतं असं लिहा. लपवायचं असेल तर 1 जादा पॉइंट. चिन्ह दिसलं तर काउंटरस्पेल चालतो, लपवलं तर नाही. चिन्ह खेळाडूलाच निवडू द्या. तो ते टेबलावर आवडीने वर्णन करतो आणि नियम आपोआप लक्षात राहतो.

‘जादू आहे की नाही’ याचं माझं उत्तर: आहे असंच धरा. 3.5चा मूळ नियमही तोच होता. वेगळं धरणं हा पर्याय होता. वेगळं धरलं की काय होतं? 2014च्या नियमांतला ‘राक्षस’ (सगळे राक्षस नव्हे, Rakshasa या नावाचा एक खास शत्रू) 6व्या लेव्हलपर्यंतच्या स्पेलना दाद देत नाही. तो 13 चॅलेंजचा (चॅलेंज म्हणजे शत्रू किती अवघड याचा आकडा) आहे तो मुख्यतः त्यामुळे. सायॉनच्या शक्ती स्पेल नाहीत म्हटलं की त्याची ढाल सायॉनपुरती गळून पडते, आणि त्याच लढाईत विझार्ड हातावर हात ठेवून बसतो. ज्या ज्या राक्षसाला मॅजिक रेझिस्टन्स (जादूविरुद्ध सोपा सेव्ह) आहे तिथे हेच. वेगळेपण जपायचंच असेल तर ते शक्ती बंद कशाने पडते त्यात ठेवा. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या 2015च्या ऑकल्ट अॅडव्हेंचर्समध्ये याची फार चांगली सोय आहे: सायकिक स्पेलना विचार आणि भावना हे घटक लागतात. विचारामुळे कॉन्सन्ट्रेशन चेकचा डीसी 10ने वाढतो, आधी मूव्ह अॅक्शन (पाळीतली हालचाल) खर्चून मन स्थिर केलं तर वाढत नाही. आणि भीतीच्या प्रभावाखाली असताना भावना लागणारा स्पेल टाकताच येत नाही. बेड्या घातलेला, तोंड बांधलेला विझार्ड निकामी. तोच सायॉन मोकळा. पण घाबरलेला सायॉन निकामी, आणि घाबरलेला विझार्ड तरी स्पेल टाकू शकतो. तुमच्याकडे एवढंच लिहा: फ्रायटन्ड (घाबरलेला) असताना 3 किंवा जास्त पॉइंटची शक्ती चालत नाही. मग शत्रूच्या सरदाराने धमकावण्यालाही वजन येतं, आणि क्लेरिकने भीती काढण्यालाही.

लढाईबाहेर कायमची फुकट टेलिपथी हा खरा घोळ आहे. नुसतं मनातल्या मनात बोलणं ठीक आहे. वाचणं ठीक नाही. डिटेक्ट थॉट्स हा दुसरीचा स्पेल आहे, 30 फूट, 1 मिनिट, पूर्ण वेळ कॉन्सन्ट्रेशन. वरवरचे विचार सेव्हशिवाय कळतात, खोल जायचं तर विजडमचा सेव्ह, आणि खोल गेल्याचं समोरच्याला कळतं. दोन फूट दगड, दोन इंच धातू किंवा शिशाचा पातळ पत्राही तो अडवतो. हीच सगळी बंधनं तुमच्या सायॉनच्या वाचण्यावर घाला आणि किंमत 3 पॉइंट ठेवा.

मग प्रश्न उरतो की वरवरच्या विचारांत सांगायचं काय. तुमच्या मोहिमेत खाडीच्या बंदरावर जकात घेणारा अधिकारी आहे आणि त्याने व्यापाऱ्याला मारलंय असं समजा. सायॉन त्याच्यावर लक्ष केंद्रित करतो. इथे अनेक डीएम घाबरून ‘त्याचं मन बंद आहे’ म्हणतात. खेळाडूची शक्ती वाया जाते आणि पुढे तो प्रत्येक उत्तरावर संशय घेतो. त्याऐवजी माणूस त्या क्षणी जे खरोखर मनात घोळवत असेल ते सांगा. सेशनआधी प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी तीन ओळी लिहून ठेवा: शरीराचं काहीतरी, हातातल्या कामाचं काहीतरी, आणि ज्याची त्याला धास्ती आहे ते, पण नाव न घेता. ‘गुडघा आज फार ठणकतोय. मिठाच्या गोण्या चाळीस की बेचाळीस? हे लोक धक्क्याच्या मागच्या बाजूला न जावोत.’ तिसरी ओळ धागा देते, उत्तर देत नाही. आता विझार्डला धक्क्यामागे जाऊन डिटेक्ट मॅजिकचा रिच्युअल करायला काम मिळालं, रोगला कुलूप मिळालं. आणि पकडला जाण्याची भीती असलेला माणूस आपल्या पेटाऱ्याला शिशाचा पत्रा लावणार नाही, तर कोठारात दोन फूट जाडीच्या भिंतीआड जाऊन बोलेल. तशी कोठारं बंदरात असतातच.

विझार्डच्या बाजूनेही एक तपासणी करा. त्याची ताकद रुंदीत आहे. 5व्या लेव्हलला त्याच्या वहीत निदान 14 स्पेल असतात, तयार करता येतात 9, आणि मिळालेला स्पेल उतरवायला दर लेव्हलला 2 तास आणि 50 सोन्याची नाणी लागतात. पण उतरवायला काही मिळालंच नाही तर ही रुंदी वाढत नाही. तुमच्या लुटीत आजवर किती स्क्रोल, किती जुन्या वह्या आल्या ते आठवा. एकही नसेल तर तुम्ही नकळत विझार्डचा एक पायच कापलाय. आणि सायॉनला 5व्या लेव्हलला 6 शक्ती पुरे. सगळंच करू शकणारा सायॉन नको. 2017मध्ये चाचणीसाठी आलेला मिस्टिक क्लास याच वाटेने गेला होता, एकाच क्लासमध्ये लढणारा, बरं करणारा, मन वाचणारा आणि आग फेकणारा, आणि तो पुढे कधी छापलाच गेला नाही. त्याऐवजी 2020ला फायटर, रोग आणि सॉर्सररचे उपक्लास आले. फायटर-रोगना लेव्हलबरोबर वाढणाऱ्या प्रोफिशियन्सी बोनसच्या दुप्पट सायॉनिक डाइस मिळाले: 5व्या लेव्हलला सहा डी8, बास.

बदल लागू करण्याआधी एक लढाई मोजा. प्रत्येक राउंडला तीन रकाने: कोणी किती पॉइंट किंवा स्लॉट लेव्हल खर्च केली, किती डॅमेज झालं, आणि शत्रूच्या किती पाळ्या वाया गेल्या. तिसरा रकाना सगळ्यात बोलका असतो. 28 डॅमेज खाल्लेला ओगर पुढच्या पाळीला सोटा फिरवतोच. स्टन झालेला ओगर फिरवत नाही. सायॉनच्या नियंत्रणाच्या शक्तींनी एका लढाईत शत्रूच्या निम्म्याहून जास्त पाळ्या खाल्ल्या, तर आधी त्या शक्तींचा सेव्ह इंटेलिजन्सवरून विजडमवर न्या आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह द्या. डॅमेजला हात नंतर लावा.

आणि हे सगळं सेशनच्या मध्येच जाहीर करू नका. सायॉनवाल्याला आठवडाभर आधी लिहून पाठवा, सहाही शक्ती नव्याने निवडायची मुभा द्या, आणि चार सेशन झाल्यावर पुन्हा मोजू हे सांगा. 14 पॉइंट कमी पडताहेत असं त्या मोजणीत दिसलं तर 16 करा. रेस्टचा नियम आणि चिन्हाचा नियम मात्र तसेच ठेवा.